लिंकांचं सहस्रावर्तन

वेबसाइटचा धंदा का सोडला विचारता ना, ऐका. हेदवीचे नानाकाका भटजी, घरच्या खोल्या पर्यटकांना द्यायचे. त्यांची साइट मी केली. गूगलवर वर यायचं तर दुसऱ्यांच्या साइटवर आपली लिंक हवी. काका म्हणाले, "माझा एक यजमान प्रवासाची साइट चालवतो. तो देईल."

मी म्हटलं, "एकाने काय होतंय, काका? अथर्वशीर्षासारखं सहस्रावर्तनच करू!" आणि हजार लिंका विकत घेतल्या.

महिन्याभरात साइट गूगलवरून गायब. ऐन मे महिन्यात खोल्या रिकाम्या. लिंका उघडून बघतो तर सगळ्या जुगाराच्या साइटवर; असल्या विकतच्या लिंका दिसल्या की गूगल आपलीच साइट काढून टाकतं.

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. स्क्रीनकडे बघत एवढंच म्हणाले, "आवर्तनं हजार झाली रे. पण म्हणायला बसवलंस कोणाला?"