पट्टी कोरडी होती

हॅलो? … हॅलो, कोण?

… चिंगे! अगं, विश्वास नाही बसणार तुझा, कुणाचाच नाही बसणार, पण फोन वाजायच्या आधी मला कळलं होतं तुझाच येणार म्हणून. उजवा कान असा तापला, की त्यावर चहा ठेवला असता तर उकळला असता… 

… रडतेस का? … नाही? मग नाक का ओढतेस?

… थांब, थांब. सावकाश बोल. गाडीला काय झालं? … धूर? … मागून, सायलेन्सरमधून?

… अगं, चार महिन्यांची गाडी! सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढू देत नाहीस तू आम्हाला. तिला कसला धूर?

… रोज? रोज म्हणजे कधीपासून? … सोमवारपासून. बरं. … सकाळी पहिल्यांदा सुरू केली की. आणि मग थांबतो? … आज थांबला नाही. हं.

… जावईबापू कुठे आहेत? … गाडीतच. बसवलंस त्यांना पुढे. … श्वास कसा आहे? … आणि पाय? … कालच्यापेक्षा जास्त सुजलेत? … मग दवाखान्यात त्या नर्सबाईंना कळव की. … कळवतेच आहेस, बरं.

… हो, हो, माहितीये मला, साडेसातला डायलिसिस आहे. … आजची वेळ गेली तर परवापर्यंत मशीन रिकामं नाही, तेही माहितीये. … परवापर्यंत नाही थांबता येणार, मान्य. कोण म्हणतंय थांबा? … टॅक्सी? … पन्नास मिनिटं म्हणाला? ढकलत आणणार आहे का तो?

… अगं ऐक ना. ऐक. घाबरू नकोस. तुझ्या बापाने चाळीस वर्षं गॅरेज चालवलंय. एका माणसाने एकदा फोन करून नुसतं इंजिन ऐकवलं मला. नुसतं ऐकवलं. मी म्हटलं, साहेब, तिसऱ्या पिस्टनवर कंगवा पडलाय. उघडून बघतात तर कंगवा! दोन दात तुटलेला… 

… मागच्या वेळी चमचा म्हणालो होतो? … चमचा वेगळ्या गाडीत होता.

… बरं, बरं, नाही सांगत गोष्टी. कामाचं बोलतो. धुराचा रंग सांग. पांढराच असणार. … पांढरा असला तर काही नाही गं, थंडीत रात्रभर नळीत पाणी धरतं, त्याची वाफ निघते. मिनिटभरात… 

… निळा? … नीट बघ. मागे भिंत कसली आहे? … पांढरी. हां, मग! पांढऱ्या भिंतीपुढे काहीही निळंच दिसतं. … जावईबापूसुद्धा निळाच म्हणतात? त्यांना आरशात एवढंसं दिसतंय, ते काय सांगणार? … नाही, चेष्टा नाही करत. निळा तर निळा.

… आता वास घे. … अगं नळीला नाक नको लावूस! लांब उभी राहा आणि हाताने वारा आपल्याकडे घे. … गोडसर येतो का? … नाही. बरं झालं, इंजिन थंड ठेवणारं कूलंट नाही जळत. मग कसा? … तेल जळल्यासारखा.

… 

… आहे, आहे मी. इथेच आहे. … कुठे जाणार? विचार करतोय.

… कंपनीला? कंपनीला नको फोन करूस! … ओरडलो नाही. म्हणजे, त्यांना काय कळतं? ती मुलं गाडीला एक वायर लावतात, कॉम्प्युटरकडे बघतात आणि कॉम्प्युटर सांगेल ते बोलतात. आणि आले की आधी बॉनेट उघडतील, मग नाही नाही ते विचारतील… काही नाही. काही नाही विचारणार. मी एवढंच म्हणतोय, वेळ जाईल.

… ऑइल बघतेस? आत्ता? … अगं, तुला कशाला… इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबावं लागतं, ऑइल खाली उतरू द्यावं लागतं, गाडी सपाट जागेवर… 

… सगळं माहितीये तुला. … कोणी शिकवलं? … मीच. हो. आठ वर्षांची होतीस, स्टुलावर उभी राहून बघायचीस. ऑइल मोजायची पट्टी ओढायची, पुसायची, परत खाली घालायची, परत ओढायची… आणि फ्रॉकला पुसायचीस, आई मला बोलायची.

… हां, थांबतो. फोन चालूच ठेव.

… 

… दोन्ही खुणा दिसल्या? ऑइल त्यांच्या मध्ये हवं. … वरच्या खुणेच्या वर? … थोडं वर असेल. … दोन बोटं वर?

… परत पूस. परत घालून बघ. … तेवढंच.

… हो, त्यानेच. ऑइल जास्त झालं की आत घुसळलं जातं, त्याचा फेस होतो, फवारा उडतो, तो जिथे जाऊ नये तिथे जाऊन जळतो. त्याचाच निळा धूर. … बरोबर ओळखलंस. कंगव्यापेक्षा बरं ओळखलंस.

… कंपनीनेच जास्त भरलं असणार. हे लोक काय… … पहिल्या सर्व्हिसला बरोबर होतं? तूच बघितलं होतंस? … मग कोणी खोडसाळपणा केला असेल. पार्किंगमध्ये काय, दहा लोक येतात-जातात. … हो गं, बॉनेट आतून उघडतं. किल्ली लागते. मान्य.

… रविवारी? रविवारी कोण आलं होतं तुमच्याकडे? … आम्ही. आम्ही आलो होतो. … आई? तिला बॉनेट म्हणजे टोपी वाटते.

… 

… हो.

… हो म्हणतोय ना. मी उघडलं होतं. तुम्ही दोघं झोपला होता दुपारी. मला वाटलं, पोरीचा जीव एकटीचा, नोकरी, दवाखाना, घर. गाडीचं तरी आपण बघावं. … न विचारता, हो. सासुरवाशिणीच्या गाडीचं ऑइल बघायला बापाने अर्ज करायचा का?

… अगं, पट्टी कोरडी होती! कोरडी ठणठणीत. एक थेंब नाही. मी म्हटलं, हे इंजिन आज ना उद्या जाम होणार, आणि जावईबापू आत बसलेले असताना होणार. म्हणून ओतलं.

… कोरडी कशी म्हणजे? कोरडी. उन्हात धरून बघितली मी. दोनदा बघितली.

… नवं ऑइल पातळ असतं, पाण्यासारखं असतं, पट्टीवर पटकन दिसत नाही… हे तू मला सांगतेस? चाळीस वर्षं… … तुला लगेच दिसलं? … पार्किंगच्या त्या मिणमिणत्या दिव्यात?

… हं.

… किती ओतलं? फार नाही. छोटा डबा असतो ना, त्यातला अर्धा. … अर्धा किंवा पाऊण. हाताचा अंदाज असतो गं आमचा. डोळे मिटून बरोबर पडतं. … डोळे मिटून ओतलं असं नाही म्हणालो!

… डोळ्यांच्या डॉक्टरकडे? गेलो होतो की. … मग सांगितलं नव्हतं का तुला? तो तर म्हणाला, आजोबा, या वयात अशी नजर फक्त घारीला असते. त्याने मुलंबाळं बोलावली बघायला, हे आजोबा बघा म्हणून… 

… कागद? कागद आईने ठेवलाय कुठेतरी. … ती नाहीये घरात, दूध आणायला गेलीय. … तिला कशाला विचारतेस? तिला काय कळतं डोळ्यांतलं?

… येत्या सोमवारचा इथे काय संबंध?

… अगं, ठरलंय ना आपलं. तुझी रजा संपली, साहेबाला तू शब्द दिलास, सोमवारपासून कामावर. आणि जावईबापूंना दवाखान्यात मी नेणार. आठवड्यातून तीन दिवस, मी चालवणार, ते शेजारी बसणार. … त्यांनाही बरं वाटतं मी असलो की. त्या मशीनजवळ चार चार तास पडून राहायचं, कोणीतरी थापा मारणारं नको का जवळ?

… चालवता येईल का म्हणजे? तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून चालवतोय!

… मग मी काय करू, चिंगे? सांग ना. गॅरेज गेलं. हात धडधाकट आहेत. घरी बसून भिंतीकडे बघत राहू? तुला कामावरून काढून टाकतील आणि मी इथे बसून म्हणू, बिचारी?

… बरं, सोमवारचं सोमवारी. आजचं बोल. … आता सात वाजले? … गाडी न्यायची की नाही. हं.

… ते किती जास्त आहे त्यावर आहे. थोडं असेल तर जाता येतं, हळूहळू, इंजिन न ताणता. फार असेल तर… फार असेल तर ताण आला की कुठूनही बाहेर येईल. गाडी अर्ध्या रस्त्यात बंद पडेल. … उड्डाणपुलावर पडली तर मग जावईबापू खाली उतरून चालू शकणार नाहीत, हो. कळतंय मला.

… फोटो? … नको, फोटोत नाही कळत. … माझा फोन जुना आहे, त्यावर फोटो असे ठिपके ठिपके… … पाठवलास पण? … वाजला, हो. आला.

… बघतो. ओरडू नकोस. चष्मा घालू दे. … घातला.

… हां. हां, हां. दिसतंय की! अगं, लख्ख दिसतंय. पट्टी, ही खालची खूण, ही वरची. आणि ऑइल बघ कसलं सोनेरी, मधासारखं. … वर आहे, पण किती? गव्हाच्या दाण्याएवढं! तू म्हणे दोन बोटं. कोणाची बोटं, उंदराची?

… खात्रीने सांगतोय. … शंभर टक्के. एवढ्याने काही होत नाही. फोटो समोर आहे ना माझ्या. … हो, ने. ने बिनधास्त. मार स्टार्टर.

… येतोय आवाज. किती गोड चाललंय इंजिन! … धूर येऊ दे, रस्त्याला लागलीस की जाईल. पहिल्या गिअरला जरा दमाने… 

… काय? … मागून कोण बोलतंय? … जावईबापू? मग दे की फोन त्यांच्याकडे. … हं, बोला, बोला. दम लागत असेल तर सावकाश. … फोटो? हो, बघितला ना आत्ताच. … 

… कशाचा?

… तुमच्या पायांचा.

… पट्टीचा नाही? … नर्सबाईंना पाठवायचा तो घाईत माझ्याकडे आला. … पट्टीचा तिच्या फोनमध्येच राहिला.

… हो, म्हणजे… तेच म्हणतोय मी. पायांच्या बाजूला ती पट्टी ठेवलेली दिसतेय ना, तिथे… 

… नाही दिसत? … नाहीच आहे तिथे.

… 

… जावईबापू, तिला सांगा गाडी बंद कर. … आत्ता. आधी बंद करा, मग बोला.

… बंद झाली? … झाली. आता द्या तिला फोन.

… चिंगे, अर्धा डबा नव्हता गं. छोटाही नव्हता. मोठा होता. बाजूला खुणा असतात त्या डब्याला, मला दिसल्या नाहीत. डब्यातला गुडगुड आवाज थांबेपर्यंत ओतत राहिलो. … हो, अख्खा.

… दोन महिने झाले. मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात, तोंड नाही. … डॉक्टर म्हणाला, सुधारणार नाही. गाडीला हात लावू नका म्हणाला. … आईला माहितीये. मी शपथ घातली होती तिला.

… नाही. सोमवारी नाही. मला नाही नेता येणार त्यांना.

… वरच्या मजल्यावर त्या शिक्षिका राहतात ना, त्यांच्याकडे गाडी आहे. जा, दार वाजव. … झोपल्या असल्या तर उठव! लाज कसली, जावईबापूंचे पाय बघितलेस ना? … मी नाही बघितले, तू बघितलेस ना?

… नंतर बोल मला काय बोलायचं ते. सगळं ऐकून घेईन. … जा गं, वेळ घालवू नकोस. ठेव फोन.

… ठेव म्हणतोय ना. … तूच ठेव, चिंगे. मला बंद करायचं बटण सापडत नाही.