चुंबकवाल्या ग्रहाची हवा

३ मार्च. आकाश निरभ्र, वारा पडलेला.

—नाही, नाही वायरमनदादा, त्या लाल वायरीला हात लावू नका, तिच्यावर ग्रह चालू आहे! ग्रह हो, कॉम्प्युटरमधला. एक नाही, दोन — जुळे म्हणा. एकाच्या पोटात चुंबक, दुसऱ्याच्या नाही. दोघांवर ताऱ्याचा वारा — ताऱ्यातून सुटणारे कण हो — सोडायचा आणि वरची हवा कोणाची जास्त उडते ते बघायचं. तीन आठवडे चाललंय, मेन स्विच बंद केलात तर सगळं मुसळ केरात — तेव्हा जपून. कोणाची उडणार? चुंबक नसलेल्याची, आणखी कोणाची! चुंबक म्हणजे छत्री. आमच्या बाई, विभागप्रमुख, जन्मभर हेच सांगत आल्या. हा चहाचा मग बघा — ‘चुंबक राखी हवा’ — दोनशे छापून घेतलेत, माळीबुवासुद्धा यातच चहा पितात. आज चारला त्यांचं निरोपाचं भाषण, आकडा मी द्यायचा, आणि तो ऐकून त्या माझी नोकरी पक्की करायची सही करणार.

हसू नका. म्हणजे हसा, पण शिडीवर नको. — उडते हो, चुंबकवाल्याचीही उडते... थोडी. छत्री मोठी की वाराही जास्त भरतो ना तिच्यात? तो सगळा जोर ध्रुवांवर उतरतो, तिथली हवा तापते आणि धुराड्यातून निघावी तशी — चालली वर. मला वाटलं, गणित चुकलं. पुन्हा केलं. बायको म्हणाली, अहो, चुंबक उलटा बसवला असेल. उलटा बसवला, सुलटा बसवला — जातेच! काल तर मी त्या ग्रहाला हात जोडले. दार लावून, अर्थात.

बरं दादा, तुमच्या कामाला मेन स्विच बंद करावाच लागत असेल ना? नियम असेल तसा... मी कोण अडवणारा! मघाशी मी उगाच ओरडलो. मी बंद केला तर ती लबाडी — तुम्ही केलात तर दुरुस्ती. वीज गेली, निकाल गेला, बाई म्हणतात तेच खरं. हा बघा, एका बोटाने... काय? झालं? नुसता होल्डर बदललात? अहो, ठिणगी वगैरे बघा तरी — शिडी कुठे नेताय!

बरं. जा. दार ओढून घ्या.

मॉडेल तीन चाळीसला पूर्ण होऊन थांबलं. उडालेली हवा : चुंबकवाला ग्रह, बासष्ट टक्के; बिनचुंबकाचा, एकेचाळीस. आकडे बाईंना दिले. सही झाली नाही.