निरुपमेची पहिली तक्रार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष श्रीमान पिलाजीराव, व्यासपीठ भूषविणाऱ्या मुख्याध्यापिका स्नेहलताबाई, सत्कारमूर्ती सौभाग्यवती निरुपमा, शिक्षकवृंद, आणि या वयातही मागचीच बाके पकडून बसलेले माझे माजी विद्यार्थी हो,

या शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक म्हणून मला बोलण्याची आज्ञा झाली आहे. ‘थोडक्यात’ हा शब्द अध्यक्षांनी दोनदा उच्चारला. पहिल्यांदाच समजला होता.

निरुपमा इथेच शिकली, इथेच शिक्षिका झाली आणि आता ऑकलंडला निघाली आहे. पती हेरंब वर्षापूर्वीच तिकडे गेला. तिथल्या एका बालवाडीने हिच्यासाठी जागा राखली. अट एवढीच, की इंग्रजीच्या आयेल्ट्स परीक्षेत पुरेसे गुण हवेत. त्या परीक्षेचे वर्ग बडोद्यात पानाच्या टपऱ्यांहून अधिक आहेत, तेव्हा ती काय असते हे मी सांगायला नको. लेखन-वाचनात हिला उत्तम गुण मिळाले. तोंडी परीक्षेत मात्र कमी पडले! का?

परीक्षकाने विचारले, “तुमच्या शाळेत नियम कडक होते?”

“होय.”

“न आवडणारा एखादा?”

“सगळे आवडत.”

“एखादा बदलायचा झाला तर?”

“बदलण्यासारखा एकही नाही.”

आणि हाताची घडी. परीक्षक हिच्या बोलण्याची वाट पाहतो आहे, ही त्याच्या पुढच्या प्रश्नाची! परक्यापुढे आपल्या शाळेला नावे ठेवायची नाहीत, हे आम्ही लावलेले वळण. त्याला पैकीच्या पैकी गुण मिळायला हवे होते, असे माझे मत आजही आहे.

बालवाडी महिनाभर थांबायला तयार झाली. त्यानंतर जागा दुसरीला जाणार होती. निरुपमा सुभानपुऱ्यात माझ्या घरी सरावाला आली. मी परीक्षक झालो. प्रश्न तेच, उत्तरेही तीच, वर ‘आमच्या सरांची शिस्त’ ही पुस्ती! माझ्या पत्नी अहल्याबाई भाजी निवडता निवडता ऐकत होत्या.

“अहो, उठा तुम्ही. ज्यांनी नियम केले त्यांच्याच तोंडावर कोण तक्रार करील?”

“मग परीक्षा कोण घेणार?”

“मी. इंग्रजी बेताचं आहे माझं, पण गाऱ्हाणी कळतात. तुम्ही दुधाकडे बघा.”

सज्जनहो, माझी रवानगी स्वयंपाकघरात झाली. मग अहल्याबाई म्हणाल्या, “बोल गं. इथे त्यांचं काही चालत नाही.”

आणि बांध फुटला! दोन्ही वेण्यांना लाल रिबिनी कशाला? मैत्रिणीला निरोप देताना गुजरातीत ‘आवजो’ म्हटले म्हणून, बडोद्यात राहून, तासभर फळ्याजवळ उभे का राहायचे? इंग्रजी धो धो वाहत होते. काळांची सरमिसळ ऐकून मी एकदा उंबरठ्यापर्यंत गेलोही.

“दूध!” अहल्याबाई कडाडल्या. मी परतलो.

मग निरुपमेचा आवाज उतरला. “सर आले की हसणं बंद, असा नियम होता. तो मी बदलीन. कशाला हसतोय ते त्यांनी एकदा विचारायला हवं होतं. आम्ही सांगितलं असतं.”

दूध उतू गेले. समोर उभा असूनही मला दिसले नाही.

दुसऱ्या परीक्षेत हिला थांबवताना परीक्षकाची दमछाक झाली म्हणे. हवे होते त्याहून अधिक गुण मिळाले.

आज इथे येताना शिक्षक-खोलीतून हशा ऐकू आला. आत डोकावलो. निरुपमा कोणाची तरी नक्कल करीत होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तर्जनी वर. मला पाहून सगळे गप्प झाले. मी विचारले, “कशाला हसताय?” निरुपमेने माझ्याकडे पाहिले, तर्जनी आणखी उंच केली आणि नक्कल पुढे चालू ठेवली.

उच्चार शुद्ध होते.

आपण शांतपणे ऐकलेत, आभारी आहे. बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास उदार मनाने क्षमा करावी. अहल्याबाई करणार नाहीत.