सुकलालनी दगड मारला नव्हता

सन चौसष्ट. दंगली आणि सरकारी लाचखाऊपणा यांच्या अभ्यासावर पुण्यात प्राध्यापक झालेले हिंमतराव नंदुरबार स्टेशनात गाडीची वाट पाहत होते. पाठीमागच्या बाकावर दोन बाया बोलत होत्या. ओळखीचं नाव कानावर आलं तसं त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं.

“कौसावहिनी, तो लिखनारा भाऊ कव्हय ऊना व्हता?”

“गोळीबार व्हयना, त्यानंतरना साल. कालेजमा शिकी ऱ्हायंता. मन्हा चुल्हापान बसीसन समदं लिखी लिधं.”

“तू काय सांगं?”

“व्हयनं तेच. सायेबनी दुस्काळनी जुवारी इकी खादी. गाववाळासनी गाड्या रोक्यात. मन्हा मानूस हात जोडीसन उभा व्हता, त्यालेच गोळी लागनी, तठेच मरना. चौकशीना कागदवर मातर, दगड मारनारा तोच, सुकलाल.”

“आन तो भाऊ?”

“म्हने, मी खरं लिखसू.”

“लिखं नही व्हई त्यानी.”

“लिखं ऱ्हातं तं कोनी तरी वाची दखाडतं.”

हिंमतराव उठून त्यांच्यासमोर आले.

“कौसाबाई, तो मीच. सुकलालभाऊनी दगड मारा नही, असंच लिखं मी.”

कौसाबाईनं विचारलं,

“कोठे शे ते?”

“पुन्याले. कालेजना कपाटमा. इंग्रजीमा.”

“माले तं पहिलेच ठाऊक व्हतं, भाऊ. सासूले नव्हतं. सरकार खोटं कसं लिखी, म्हने ती. गये साले मरी गयी, आपला पोऱ्यावर रुसीसनच.”