बाल्कनीच्या दारातली घाण

मी खडकीची. जन्म तिथलाच, वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला, क्वार्टरमध्ये राहायचो आम्ही, आणि माझी आई म्हणजे काय सांगू ताई तुम्हाला, वडील ड्यूटीवरून आले की बाहेरच्या नळावर हातपाय खसाखसा धुतल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडू द्यायची नाही, शेजारच्या बायका हसायच्या, म्हणायच्या ही बाई नवऱ्याला पण भांड्यासारखं घासून आत घेते. तर ती किळस माझ्यात उतरली. केस दिसला ताटात की मी उठलेच. आणि आता नशीब बघा माझं, दिवसभर लोकांच्या घरातली घाण बोटांनी उकरत बसते. शी. हे शी माझ्या तोंडात बसलंय, लिहिताना तुम्ही काढून टाका हवं तर.

लोक विचारतात काय करता, मी म्हणते रबर बदलते. सोसायट्यांमधून बाल्कनीला ती काचेची सरकती दारं असतात ना, त्यांच्या काचेला धरून रबर असतं, आणि पल्ल्याच्या, म्हणजे सरकणाऱ्या झडपेच्या, कडेनं लोकरीसारखी बारीक ब्रशची पट्टी असते, वारा, धूळ, पाणी आत येऊ नये म्हणून. उन्हानं रबर कडक होतं, आक्रसतं, पट्टीचे केस झडतात, मग वाऱ्याला दार शिट्ट्या मारतं आणि घरात धूळच धूळ. ते जुनं ओढून काढायचं, खोबण साफ करायची, नवीन बसवायचं. आणि बसवताना ताणायचं नाही, उलट बोटभर जास्तीचं ठेवून दाबत दाबत न्यायचं, ताणलं की थोड्या दिवसांत कोपऱ्यातून मागं सरकतं आणि मग गिऱ्हाईकाचं आहेच, अहो बाई, तुमचं काम निघालं.

हे मला आमच्या ह्यांनी शिकवलं. हे अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यादारांचं काम करायचे, चांगलं चाललेलं, एकदा परांचीवरून, म्हणजे ते बांबूचं बांधतात ना बिल्डिंगला, त्यावरून घसरले आणि कंबरेत बसला मार. कित्येक महिने आडवे. सगळं जागेवर. बाकीचं जाऊ दे, पण ह्यांचा सख्खा भाऊ बघायला आला आणि दारातच उभा राहिला, नाकाला रुमाल लावून, म्हणतो दादा, बरा हो लवकर. बरा हो म्हणे! आत ये की मेल्या. त्या दिवसापासून हे पाणी प्यायचे बंद झाले. मी विचारलं का हो, तर म्हणायचे तहान नाही. ओठ फुटलेले आणि तहान नाही. मी जबरदस्ती पेला लावला तोंडाला तेव्हा रडले, म्हणाले पाणी प्यालं की भांडं मागावं लागतं ग. मोठा माणूस, लहान पोरासारखा रडला. मला त्या रुमालाची जी चीड आली ना ताई, ती अजून आहे.

तर हे उठले त्यातून, पण वजन उचलायचं काम गेलं ते गेलंच. आता दुकानात बसतात, फोन घेतात, रबर कापून देतात, आणि मी घरोघर जाते. दार बदलायला हजार जण येतात, रबर बदलायला कोणी येत नाही, कारण त्यात आहे काय, नुसती घाण.

आणि काय एकेक घाण हो. वरून घर बघाल तर आरसा, शोकेसमध्ये गणपतींची रांग, सोफ्याला प्लास्टिक, आणि पल्ला उचलला की खालच्या ट्रॅकमध्ये केसांचे बोळे, कापलेली नखं, कबुतरांची पिसं, वाळलेली पाल, एका घरात तर खोटा दात निघाला, ते आजोबा म्हणाले अरे वा, मिळाला का, आणि शर्टाला पुसून खिशात टाकला. मी त्या घरात चहा घेतला नाही. बरं, त्या ट्रॅकला बाहेरच्या अंगानं बारीक भोकं ठेवलेली असतात, आत आलेलं पाणी निघून जावं म्हणून. तर आपले हुशार लोक काय करतात, त्यातून मुंग्या येतात म्हणून पांढरं सिमेंट भरतात. मग पावसाचा सपकारा आला की ट्रॅक भरतो आणि पाणी घरात, आणि त्या लोकांचं आपलं, रबर बेकार होतं हो तुमचं.

असंच त्या कर्वेनगरच्या घरून बोलावणं आलं. सूनबाईंनी फोन केला, दार सरकत नाही, पाणी येतं, धूळ येते, शेजारी बिल्डिंग पाडताहेत. गेले. हॉलमध्येच बाल्कनीच्या दाराला लागून पलंग, पलंगावर आजी, चष्मा लावलेल्या, ठसठशीत. आल्या आल्या मला म्हणाल्या, चपला बाहेर काढल्यात ना, की आमची फरशी रस्त्यात येते? मी म्हणलं काढल्यात आजी. म्हणाल्या, उपकार झाले. अशा. पण पाय बघितले आणि मला कसंतरी झालं, नुसते टम्म, बोट दाबलं तर खड्डा राहील असे, आणि एक वाक्य बोलायचं तर मधे दम घेत होत्या. सूनबाई घरूनच काम करतात, कानाला हेडफोन, ह्या फोनवरून त्या फोनवर, मधेच मला सांगायला लागल्या की बघा ना, सासूबाईंना पाणी उतरायची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी दोनदा वाढवली तरी सूज हटत नाही, आता या आठवड्यात नाही उतरली तर अ‍ॅडमिट करायचंय, आयसीयूच म्हणाले ते. आजी दाराबाहेर बघत होत्या, जसं काही हे शेजारणीबद्दल चाललंय.

आणि खोलीत तो वास. खोटं कशाला बोलू, लघवीचा वास होता, आणि त्यावर गुलाबाच्या स्प्रेचा वास. पलंगाच्या डोक्याशीच तो स्प्रेचा डबा ठेवलेला. मी पल्ल्याचे स्क्रू सैल करत होते तेवढ्यात आजी हळूच म्हणाल्या, अग स्वाती, मला जायचंय. सूनबाई आल्या, हातमोजे घातले, तोंडाला मास्क, श्वास रोखून भांडं दिलं, नेलं, आल्या आणि फुस्स, फुस्स, चारी बाजूंनी स्प्रे. थेट आजींच्या अंगावरून. वाईट बाई नाही हो ती, आजींना सांभाळायला ब्यूरोची बाई होती ती सोडून गेलेली, नोकरी, घर, सगळं एकटीच्या डोक्यावर, दाराचा पल्ला अडकलेला म्हणून खोलीला वारा नाही, करणार काय. पण त्या फुस्स बरोबर आजींनी डोळे मिटले ते मी बघितलं.

मग मी पल्ला उचलला आणि ओरडलेच, शी! ट्रॅकमध्ये पांढरा लगदा. पिठासारखा, चिकट, धुळीत कालवलेला, चाकांना गच्च बसलेला, भोकं सगळी बुजलेली. मला वाटलं कबुतरांची घाण असणार, पत्र्यानं खरवडायला लागले, आणि त्यात एक अख्खी निघाली. बारीक पांढरी गोळी, मधोमध रेघ असलेली. मग दुसरी. अर्धी विरघळलेली तिसरी. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मी वर बघितलं तर आजी माझ्याकडेच बघत होत्या. पलंगावरून हात खाली सोडला की बरोबर त्या ट्रॅकवर येतो.

त्यांनी माझं मनगट धरलं. सुजलेल्या हातात एवढा जोर कुठून आला कोणास ठाऊक. म्हणाल्या, सांगू नकोस हं. मी म्हणलं आजी, अहो मराल. म्हणाल्या, ती गोळी घेतली की तासातासाला जावं लागतं, तासातासाला तो डबा फुसफुसतो, ढेकूण मारल्यासारखा, त्यापेक्षा पाय सुजलेले परवडले, तू आपलं तुझं रबर बसव.

खरं सांगते ताई, मनात आलं, बसवावं आपलं रबर आणि निघावं. मला काय पडलंय. लगदा काढला, भोकं मोकळी केली, नवीन पट्टी घातली की संपलं. पण मला आमचे हे आठवले, ते फुटलेले ओठ. आणि त्या भावाचा रुमाल आठवला, आणि जी काय चीड वर आली ना. मी उठले, तशीच लगद्याचे हात घेऊन सूनबाईंच्या टेबलापाशी गेले आणि त्या गोळ्या त्यांच्या लॅपटॉपशेजारी ठेवल्या. म्हणलं बाई, डॉक्टरला सांगा गोळी चांगली आहे, पण ती दाराला चाललीय, सासूला नाही.

त्या ताडकन उठल्या. मग गेल्या पलंगापाशी आणि काय आई हे, काय आई हे, एवढंच. मग मी बोलले. म्हणलं रागवू नका त्यांच्यावर, तो तुमचा डबा आहे ना गुलाबाचा, त्याची लाज वाटते त्यांना. त्यांच्या अंगावर मारता तुम्ही तो. सूनबाई एकदम भडकल्या, म्हणाल्या तुम्ही रबर बदलायला आलात ना, घरात काय वास असतो तुम्हाला काय माहीत. मी म्हणलं, मलाच माहीत, मी लोकांची घाण उपसूनच पोट भरते, मलासुद्धा शिसारी येते, पण मी माणसावर स्प्रे मारत नाही. मग त्या रडल्या. उभ्या उभ्या, मास्क हनुवटीला, म्हणाल्या हे दार उघडलं असतं तर मला तरी कशाला लागला असता तो डबा. आता बोला. गोळ्यांनी दार अडलं, दार अडलं म्हणून डबा आला, आणि डब्यामुळं परत गोळ्या. घरात दोन शिकलीसवरलेली माणसं आणि एकमेकांना तोंड उघडून कोणी काही विचारायचं नाही.

मी दार पुरं केलं. जीव लावून केलं, सगळं रबर, दोन्ही पल्ल्यांची पट्टी, चाकांना तेल, एका बोटानं सरकत होतं. निघताना आजींना म्हणलं येते, तर त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. म्हणाल्या, चुगलखोर. मला लागलं ते. रस्ताभर वाटत होतं, आपण केलं ते बरं केलं का.

पुढं मी त्याच सोसायटीत दुसऱ्या घरी गेले होते, म्हणलं डोकावून यावं, आपलं रबर कसं बसलंय बघावं. खरं तर पाय बघायचे होते. दारातच आवाज आला, आलात का चुगलखोर, चपला काढल्यात ना? पाय उतरले होते. हाडं दिसत होती घोट्याची. आणि माझ्यासमोरच आजींनी खणखणीत हाक मारली, स्वाती, मला जायचंय ग, पळ लवकर! लाजबीज काही नाही. सूनबाई आल्या, मास्क नव्हता, नाक जरा आक्रसलं त्यांचं, आक्रसणारच, माणूसच आहे. डबा कुठं दिसला नाही. आणि बाल्कनीचं दार सताड उघडं.

मी म्हणलं अहो, केसाएवढी फट न ठेवता मी रबर बसवलं, धुळीचा कण आत येणार नाही असं, आणि तुम्ही दार उघडंच ठेवता? आजी म्हणाल्या, दिवसभर उघडंच असतं ते. शेजारचं पाडकाम चालू, पलंगावर बोटभर धूळ, कबुतर आत येऊन शोकेसवर बसलेलं, आजींच्या हातात त्याला हाकलायची काठी. मी बघितलं, नवीन कोऱ्या पट्टीवर कबुतर हगून ठेवलेलं. माझ्या पट्टीवर.

शी म्हणलं, आणि पदरानं पुसलं. असू दे, म्हणलं, उघडंच राहू दे.