देवळावरचं तोंड

उमरखेडच्या स्टँडवर ढाणकीची गाडी अजून लागली नव्हती. माझ्या मागच्या बाकावर एक बाई शेजारच्या म्हाताऱ्याशी बोलत होती.

"काकाजी, गाडी कवा येईन?"

"येईन आता. काहून एवढी घाबरून राह्यली?"

"आमचे हे गवंडी हायत. आज जुन्या महादेवाच्या देवळावरचं राक्षसाचं तोंड उतरवून राह्यले. दगड ढिला झाला म्हणून. लोकं म्हणतात, जो त्याले हात लावीन त्याले ते खाते."

"ते दुसऱ्याले नाई खात, बाई. त्याले लय भूक लागलती, तवा महादेव म्हणाला, सोतालेच खा. त्यानं पाय खाल्ले, पोट खाल्लं, हात खाल्ले. तोंड तेवढं राह्यलं. मंग महादेव खुश झाला अन् त्याले आपल्या दारावर बसवलं, राखणीले."

"पोटच नाई, तं भूक कशी मिटन त्याची?"

"तू फोन लावून पाह्य घरवाल्याले."

"सकाळपासून चारदा लावला. उचलतच नाईत."

"हा वाजून राह्यला पाह्य तुया फोन."

"हालो, कुठी हाय तुमी? शिडीवर? काय म्हणता, तोंडात हात घातला? कायले घातला? बरं... बरं. आधी खाली उतरा."

"काय झालं, बाई?"

"आत चिमणीचं घरटं हाय म्हणतात. तीन पिल्लं हायत. दगडाले खालून टेकू लावला. ते उडाल्याबिगर उतरवत नाई म्हणतात."