मधलं ठाणं

"हॅलो? … हां, बोल चिंगे. पोचलीस गच्चीवर?"

घड्याळजी पाठीला तीन उशा लावून पलंगावर बसला होता. डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. फोन छातीवर, स्पीकर चालू. शेजारच्या स्टुलावर रेकॉर्डर आणि त्याला खेटून त्याने स्वतः जुळवलेलं घड्याळ. ते उपग्रहाकडून वेळ घ्यायचं आणि दर सेकंदाला टक्क वाजायचं.

"किल्ली दिली ना शाळेच्या शिपायाने? … कुरकुरू दे. बाबांनीच पाठवलंय म्हणावं, पाय मोडका आहे, जीभ शाबूत आहे. … आता खाली बघ. तेलरंगाच्या तीन फुल्या आहेत. … सापडल्या? त्यांच्यावर दुर्बिणीचे तीन पाय ठेव. अचूक. मग मोटर आपोआप ताऱ्यामागे फिरवते तिला."

बारा दिवसांपूर्वी तो त्याच शाळेच्या जिन्यावरून दुर्बिणीसकट गडगडत आला होता. पाय मोडला, कॅमेरा फुटला. दुर्बीण मात्र त्याने पोटाशी धरून वाचवली. बायकोने ती गोष्ट अजून माफ केली नव्हती. पायाची तिला काळजी होती; राग होता तो त्या मिठीचा.

"किती वाजले विचारू नकोस, मी सांगतो. सात वाजून एक मिनिट. आपलं काम सात बाविसाला. … अगं जाशील ना ड्युटीवर, नऊची आहे ना तुझी? तासभर आधी मोकळी करतो. … हो, माहीत आहे, काल रात्रपाळी झाली. माहीत आहे गं."

मुलगी अतिदक्षता विभागात परिचारिका. चोवीस वर्षांची. बापाच्या या नादाला तिने लहानपणापासून नावं ठेवली होती आणि तरी आज गेली होती, कारण दुसरं कुणी नव्हतं.

"मिळाला विळा? पाच तारे, विळ्यासारखे वाकलेले. … हां. मुठीच्या टोकाला आपला तारा. त्याच्या उजवीकडे तेवढ्याच तेजाचा दुसरा आहे, सवतीसारखा. त्याला बघायचं नाही. … मुठीचाच? नक्की? … बरं बरं, एकदाच विचारलं."

तिने पलीकडून काहीतरी टोमणा मारला असावा. घड्याळजी हसला, आणि पाय दुखल्यामुळे हसता हसता थांबला.

"परत सांगतो, ऐक. दगड, म्हणजे आपला लघुग्रह, तुला दिसणार नाही. … कुणालाच धड दिसत नाही, मोठ्या दुर्बिणीतही ठिपकाच. म्हणून तर हा खटाटोप. दगड, तारा आणि तुझी गच्ची एका रेषेत आली की तारा विझतो. दगड सरकला की पेटतो. किती वेळ विझला त्यावरून दगड तिथे किती रुंद ते कळतं. सात गच्च्यांवर सात माणसं, चार-चार किलोमीटरवर एक. सातांच्या सात रेघा एकाखाली एक मांडायच्या… हो, पावाच्या चकत्या जोडून पुन्हा पाव करावा तशा. आणि तू मधली चकती. चौथं ठाणं."

"… कशाला म्हणजे? ग्रह घडताना उरलेला चुरा आहे तो. चुरा कसा आहे ते कळलं तर कणीक कशी मळली ते कळेल. … हस तू. असा तारा त्याच्या वाटेत पुन्हा येणार चौतीस वर्षांनी. तेव्हा तू माझ्या आजच्या वयाची असशील. आणि मी… मच्छर? ओढणी घे तोंडावर."

अकरा वर्षं तो हे करत होता. नऊ वेळा ढग, एकदा वीज गेली, आणि एकदाच तारा विझल्याची वेळ टिपता आली. ती त्याने वेधशाळेतल्या साहेबांना पाठवली, तर साहेबांनी उलट विचारलं होतं, "आपलं शिक्षण?" घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या वेळेवर ज्याला शंका येते त्याने सूर्याकडे बघून जेवावं, असं तो बायकोला म्हणाला. साहेबांना म्हणाला, "नववी, साहेब." ती वेळ छापून आली नाही. सरकारी पगारावर बसून दुसऱ्याच्या गच्चीवरची रात्र केराच्या टोपलीत टाकायला विद्वत्ता लागत नाही, नुसती खुर्ची लागते.

"आता नियम. एक, दर सेकंदाला 'आहे' म्हणायचं. आहे, आहे, आहे. विझला की 'गेला'. पेटला की 'आला'. तुझा आवाज आणि माझं घड्याळ एकाच टेपवर येतंय. दोन, नाही विझला तर नाही म्हणायचं. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोललीस तर त्या दगडाला नसलेलं पोट सुटेल. … हो, खरंच. आणि तीन, हा सगळ्यात मोठा. झाल्यावर दुर्बिणीला बोट लावायचं नाही. आहे तशी ठेवून मोबाइलने तिच्यातून फोटो काढायचा. तू मुठीचाच तारा बघत होतीस याचा तोच पुरावा. त्याशिवाय साहेब आपलं ऐकत नाहीत. … किती वेळा म्हणजे? तीनदाच सांगितलं असेल."

बायको दुसरा फोन घेऊन दारात उभी राहिली. बाकीच्या ठाण्यांचे निरोप त्यावर यायचे होते, आणि सगळं जुळवणाऱ्या साहेबांचेही.

"एकवीस झाले. डोळा लाव. … पापणी पडली तर पडू दे, घाबरू नकोस. सुरू कर."

खोलीत टक्क, टक्क. फोनमधून मुलीचा बारीक आवाज, टक्कला टक्क लागून. घड्याळजीचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. बावीस. बावीस आणि दहा. वीस. मुलगी म्हणतच होती. तीस. चाळीस.

"… म्हण पुढे. थांबू नकोस."

तेवीसही होऊन गेले.

"चिंगे? … काय नाही? … लुकलुकलाही नाही? जरासुद्धा?"

बायकोने फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरला. तिसरं ठाणं: गेला, दोन पूर्णांक एक सेकंद. लगेच पाचवं: गेला, दोन सेकंद.

"अगं वरच्याला गेला, खालच्याला गेला, आणि मधे तुला नाही? … नाही कसा? सवत धरून बसलीस तू. … नाही, तूच चुकलीस. माझं ऐकायचं नाही हे बाळकडूच आहे तुझं. … मॉनिटरवर बघतेस ते वेगळं, तिथे मशीन बोंबलतं, इथे स्वतःला बघावं लागतं. … उलट बोलू नकोस. हलव ती. हलव म्हणतो ना, उजवीकडे घे, कुठे चुकलीस ते दाखवतो तुला. … घेतलीस? … दिसला दुसरा? तोच बघत होतीस तू. अकरा वर्षं, चिंगे. अकरा वर्षं."

बायको म्हणाली, पोरीला एवढं बोलायचं काम नव्हतं. दुसऱ्या फोनवर आणखी दोन निरोप आले. दुसरं ठाणं, एक पूर्णांक आठ. सहावं, एक पूर्णांक सहा. पहिल्याला आणि सातव्याला काही नाही.

हाताला चाळा म्हणून त्याने एक्स-रेच्या पाकिटावर रेघा मारायला घेतल्या. दुसऱ्याची. तिसऱ्याची. चौथी जागा रिकामी सोडली. पाचव्याची, सहाव्याची. वर दोन रेघांचा एक गोळा. खाली दोन रेघांचा दुसरा गोळा. मधे कोरा कागद.

पेन्सिल तिथेच थांबली.

"चिंगे… ऐक ना. फोन ठेवू नकोस. … अगं ऐक. एक दगड नसेल तो. दोन असतील. जवळजवळ, एकमेकांभोवती फिरणारे. आणि तू बरोबर फटीत उभी होतीस. … हो, तू. त्या फटीतून तारा सरळ तुझ्या डोळ्यात आला. तुझं 'आहे' खरं असेल तर… असेल नाही. होतं."

"… दुर्बीण हलवलीस ना? … हो. मीच सांगितलं. … मीच."

"परत त्याच ताऱ्यावर आणून फोटो काढला तर? … नाही, चालणार नाही. तू आता कुठेही नेशील असं म्हणतील. मीही म्हणालो असतो."

साहेबांचा निरोप आलाच. तीनच शब्द. चौथ्याचा फोटो पाठवा.

"काय सांगू त्यांना? … टेप आहे ना. तुझे शंभरावर 'आहे' आहेत तिच्यात, एकही अडखळलेला नाही. … हो, आणि पुढे मीही आहे. सवत, बाळकडू, सगळं. … कापता येत नाही गं. कापलं की घड्याळाची टक्कटक्क तुटते, पहिल्यांदा तेच तपासतात. म्हणजे साहेब टेप लावणार, आणि त्यांना शंका यायच्या आधी तुझ्या बापालाच शंका आलेली ऐकू येणार. … मग ते कशाला विश्वास ठेवतील? चौथं ठाणं रद्द, म्हणतील. दगड एकच, पोट सुटलेला, असं छापतील. चौतीस वर्षं तसाच राहील तो."

बायकोने स्टुलावरचं पाणी पुढे केलं. त्याने घेतलं नाही.

"पाठवतो तरीही. आहे तशी. माझ्या ओरडण्यासकट. … नाही, तुझ्यासाठी नाही, दगडासाठी. … बरं, तुझ्यासाठी. … काय? मोठ्याने बोल, वारा येतोय तिकडे. … ते परत विचारू नकोस. … साहेबांचं सोड, माझं विचारतेस? … चिंगे, बॅटरी किती राहिली तुझी? … बरं, सांगतो. ऐक. माझा तुझ्यावर विश्वास…"

टक्क.

"आहे. … आहे. … हॅलो?"

फोन कटला होता, काचेवर अंधार होता. रेकॉर्डरचा लाल दिवा अजून चालू होता.

"आहे," तो पुन्हा म्हणाला, पुढच्या टक्कला.